वीस लाखांना दोनशे बासष्ट कमी

ऋग्वेदात पदे किती, याचे उत्तर अनुवाकानुक्रमणी नावाच्या एका जुन्या सूचिग्रंथात दिलेले आहे: १,५३,८२६. ग्रंथ शौनकाच्या नावावर मोडतो. अक्षरे किती, तेही परंपरेने सांगून ठेवले आहे: ४,३२,०००. या दुसऱ्या आकड्यावर मी फारसा विसंबत नाही. तो जरा जास्तच गोल आहे. कलियुगाची वर्षेही नेमकी तेवढीच. शतपथ ब्राह्मणात १२,००० बृहती गुणिले ३६ अक्षरे असा तो बसवून दिला आहे, आणि आज हाती असलेली संहिता मोजायला घेतली तर बेरीज चार लाखांच्या आतच थांबते. १,५३,८२६ची गोष्ट वेगळी. इतका ओबडधोबड आकडा कुणी तरी मांडी घालून मोजल्याशिवाय निघत नाही.

या आकड्याला १३ने गुणा. उत्तर येते १९,९९,७३८. वीस लाखांना दोनशे बासष्ट कमी.

तेराच का, तर घनपाठामुळे. घनपाठी वैदिक मंत्र सरळ म्हणत नाही. पहिली तीन पदे घेतो आणि ती १-२, २-१, १-२-३, ३-२-१, १-२-३ अशी म्हणतो. मोजून पाहा, तेरा पदे झाली. मग एक पाऊल पुढे सरकून दुसऱ्या पदापासून तेच, मग तिसऱ्यापासून. अशा चालीत प्रत्येक पद तेरा वेळा तोंडातून जाते. अर्ध्या ऋचेच्या शेवटी ही साखळी आखडते, काही जोडपदांना जादा फोड करून दाखवावी लागते, म्हणून वीस लाख हा अंदाजच समजायचा. पण अंदाजाचा आवाका तेवढा आहे. सेकंदाला एक पद धरले तर साधी संहिता त्रेचाळीस तासांत संपते. घनपाठाला त्याच वेगाने साडेपाचशे तास लागतील. रोज सहा तास बसले तर तीन महिने. आणि सेकंदाला एक पद ही चाल, मध्ये श्वास, खोकला आणि पाणी धरले तर, मुळीच संथ नाही.

घन ही आठ विकृतींपैकी एक. जटा, माला, शिखा, रेखा, ध्वज, दंड, रथ आणि घन अशी ती नावे. गणिताच्या दृष्टीने त्यातला दंड सर्वांत खट्याळ आहे. घनात प्रत्येक पावलाला तेराच पदे, म्हणजे मजकूर दुप्पट झाला की पाठ दुप्पट होतो. दंडात तसे नाही. तिथे प्रत्येक वेळी अर्ध्या ऋचेच्या सुरुवातीपर्यंत मागे यावे लागते. १-२, २-१. मग १-२, २-३, ३-२-१. मग १-२, २-३, ३-४, ४-३-२-१. चार पदांची ओळ असेल तर एकवीस पदे म्हणून सुटका होते. सात पदांच्या ओळीला ६९ लागतात. वीस पदांच्या ओळीला ५८९. आणि चाळीस पदांचा लांबलचक गद्य मजकूर दंडात घातला तर २,३७९. ओळ दुप्पट झाली की काम जवळजवळ चौपट होते. ज्या वेदात लांब गद्य यजुषे ठिकठिकाणी पसरलेली आहेत, त्याच्या वाट्याला ही शिक्षा जास्त येते.

तो वेद म्हणजे यजुर्वेद, आणि इथे नाशिक आले. नाशिक-त्र्यंबक ही शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेची जुनी पेठ. या शाखेच्या संहितेत ४० अध्याय आणि १,९७५ मंत्र आहेत. ऋग्वेदाच्या दहा हजारांपुढे हा आकडा किरकोळ वाटतो. पण वर सांगितलेला दंडाचा हिशेब डोक्यात ठेवा. २०२५च्या डिसेंबरात एक बातमी देशभर फिरली. अहिल्यानगरकडच्या देवव्रत महेश रेखे या एकोणीस वर्षांच्या तरुण वैदिकाने काशीत माध्यंदिन शाखेचे दंडक्रम पारायण पन्नास दिवसांत पूर्ण केले होते. पंतप्रधानांनीही त्याचे कौतुक केले. त्या बातम्यांत एक वाक्य होते, ते नाशिककरांनी तरी दोनदा वाचायला हवे होते: याआधी असे पारायण सुमारे दोनशे वर्षांपूर्वी नाशिक येथे वेदमूर्ती नारायणशास्त्री देव यांनी केल्याचे सांगितले जाते. दोनशे वर्षांपूर्वी म्हणजे पेशवाई नुकतीच बुडालेली. नाशिकला रेल्वे यायलाही चाळीसेक वर्षे अवकाश होता.

बातमी वाचून बहुतेकांनी हात जोडले, काहींनी खांदे उडवले. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरली होती: त्या तरुणाने काही लाख पदे पाठ केली असणार. मला वाटते, खरी गंमत इथेच हुकते. त्याला पाठ असतात ते १,९७५ मंत्र, त्यांचा पदपाठ, आणि उलटसुलट करण्याचा नियम. बाकीचे सारे तोंडातच तयार होते. आमच्या आधीच्या पिढीला तीसपर्यंतचे पाढे, पावकी, निमकी, सवायकी, दिडकी मुखोद्गत असत, पण ३८ सत्रे किती हे काही कुणी वेगळे घोकत नसे. ते पाढ्यांतून बाहेर काढायचे असते. दंडक्रम तसाच बाहेर काढायचा असतो. फरक एवढाच की इथे पदे उलटी झाली की संधी बदलतात. दोनाच्या मागून एक आला की मूळ मंत्रात कधीच न झालेला संधी तिथल्या तिथे, व्याकरणाला धरून, करावा लागतो. उदात्त-अनुदात्त-स्वरितही जागा बदलतात. माध्यंदिन शाखेत स्वर हाताने दाखवतात, म्हणजे हिशेब जिभेबरोबर मनगटालाही ठेवावा लागतो. आणि हे सगळे पुढचे पद यायच्या आत. त्यात चुकणे ऐकणाऱ्याला लगेच कळते.

हा सारा खटाटोप कशासाठी? एखादे अक्षर गळाले, दोन पदे एकमेकांत मिसळली, सोपा शब्द कठीण शब्दाच्या जागी घुसला, तर सरळ पाठात ते खपून जाते. मागच्या-पुढच्या शेजाऱ्यांबरोबर उलटसुलट तेच पद तेरा वेळा म्हटले तर खपत नाही. पहारा एवढा कडक की ऋग्वेदाच्या शाकल संहितेत पाठभेद जवळपास नाहीतच. तुलनेला महाभारत घ्या. पुण्याच्या भांडारकर संस्थेने चिकित्सक आवृत्तीसाठी १,२५९ हस्तलिखिते तपासली. काम १९१९ला सुरू झाले आणि मूळ संहिता १९६६ला पुरी झाली. तेवढे पाठभेद. त्याच संस्थेतली ऋग्वेदाची तीस हस्तलिखिते २००७मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती यादीत गेली आणि त्यातले सर्वांत जुने १४६४ सालचे आहे. तीन हजार वर्षे जुन्या समजल्या जाणाऱ्या मजकुराचा हा कागद पाचशे-साडेपाचशे वर्षांचा, आणि तो घशाशी ताडून पाहायचा, उलट नाही.

आता पश्चिमेकडे वळू. इलियडच्या ओळी १५,६९३, ओडिसीच्या बारा हजारांवर थोड्या. दोन्ही मिळून शब्द दोन लाखांच्या आसपास. म्हणजे होमर आणि ऋग्वेद यांची वजने फार वेगळी नाहीत. मिनिटाला दहा ओळी म्हटल्या तर दोन्ही काव्यांना सेहेचाळीस तास. ग्रीकांनाही पाठांतराचा सोस होता. स्मृतीची देवता नेमोसिनी ही त्यांच्या नऊ कलादेवींची आई. झेनोफनच्या एका संवादात निकेराटस नावाचा अथेन्सकर सांगतो की बापाने त्याच्याकडून सगळा होमर पाठ करवून घेतला होता आणि तो अजूनही आख्खे इलियड-ओडिसी म्हणून दाखवू शकतो. ऐकणारा लगेच टोमणा मारतो की तेवढे तर उत्सवातल्या पाठकांनाही येते, आणि त्यांच्याएवढी मूर्ख जमात दुसरी नाही. घोकंपट्टीवरची कुरकुर एवढी जुनी आहे, हे वाचून आपल्याकडच्या शिक्षणतज्ज्ञांना बरे वाटेल.

पण निकेराटस लिहिलेला होमर पाठ करत होता. लिपी येण्याआधी ही काव्ये गाणारा काय करत होता, हा प्रश्न मिलमन पॅरी या अमेरिकन तरुण अभ्यासकाने सोडवला, आणि ग्रंथालयात बसून नव्हे. १९३३ ते १९३५ या काळात तो युगोस्लाव्हियाच्या डोंगराळ मुलखात फिरला, एकतारी गुस्ले वाजवून रात्र रात्र वीरगाथा गाणाऱ्यांना ऐकत. सोबत ॲल्युमिनियमच्या तबकड्यांवर आवाज कोरणारे यंत्र. एक तबकडी भरली की दुसरी चालू, म्हणजे गाणाऱ्याला थांबवायला नको. त्यात त्याला अव्दो मेजेदोविच भेटला. धंद्याने खाटीक, लिहिता-वाचता न येणारा. त्याने सांगितलेली एक गाथा १२,३११ ओळींची भरली, म्हणजे एक ओडिसीच.

पॅरीने मग एक परीक्षा घेतली. अव्दोने कधी न ऐकलेली एक गाथा दुसऱ्या गायकाकडून त्याच्यासमोर गाऊन घेतली. ती होती २,२९४ ओळींची. संपल्यावर अव्दोला म्हटले, आता तू गा. त्याने गायली, कथा तीच, आणि ओळी झाल्या ६,३१३. एकदा ऐकून पावणेतीन पट! वेदपाठशाळेत असा विद्यार्थी दुसऱ्या दिवशी घरी गेला असता.

अव्दोला ओळी पाठ नव्हत्या. त्याला पाठ होते ठरीव शब्दसमूह, छंदात नेमके बसणारे: वीराने चिलखत चढवणे, घोडा सजवणे, सभा भरणे, निरोप येणे. होमरमध्येही नायकांची विशेषणे आणि कित्येक आख्ख्या ओळी पुन्हा पुन्हा येतात, ते कवीचे दारिद्र्य नसून त्याचे भांडवल आहे, हे पॅरीने दाखवले. स्वतः तो त्याच १९३५च्या डिसेंबरात, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी गेला. त्याचा मदतनीस आल्बर्ट लॉर्ड याने १९६०च्या पुस्तकात हे सगळे मांडले. तरी होमरलाही कुठे कुठे निव्वळ यादी सांभाळावी लागली. इलियडच्या दुसऱ्या सर्गात ट्रॉयवर चालून आलेल्या २९ तुकड्या आणि १,१८६ गलबते गावोगावच्या नावांनिशी येतात. त्याआधी कवी कलादेवींना हाक मारतो आणि दहा जिभा असत्या तरी हे आपल्या एकट्याच्याने झाले नसते, असे कबूल करतो. सूत्रे जिथे कामाला येत नाहीत, तिथे त्यालाही देवी आठवली.

म्हणजे दोन्हीकडे पोटातला साठा छोटा आणि तोंडातून येणारा माल प्रचंड. नाशिकचा वैदिक १,९७५ मंत्र आणि एक नियम घेऊन बसतो, आणि कितीही वेळा म्हटले तरी तोच निकाल देतो. माँटेनेग्रोचा खाटीक कथा आणि सूत्रे घेऊन बसतो, आणि दर वेळी वेगळा निकाल देतो. स्मरणशक्तीचे कौतुक करताना आपण निकाल मोजतो आणि थक्क होतो. साठा आणि नियम मोजले तर माणूस आवाक्यात येतो, आणि मला तरी तो तेव्हाच जास्त थोर वाटतो.

अव्दोच्या जातीचे गायक पाहायला माँटेनेग्रोला जायची गरज नाही. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला, सुरगाणा-कळवणच्या डोंगरांत, कोकणा समाजात थाळीवरची कथा आहे. काशाच्या थाळीत मेणाने एक काडी उभी बसवतात आणि तिच्यावरून बोटे ओढत एक सलग घुमारा काढतात. त्या घुमाऱ्यावर कथा रात्रभर चालते. मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाच्या उत्सवात ही थाळी हमखास वाजते. गुस्लेला एक तार, इथे एक काडी. त्र्यंबकच्या पाठशाळेपासून हे डोंगर फार लांब नाहीत. एकाच जिल्ह्यात स्मरणाचे दोन्ही कारखाने चालू आहेत.

आणि ग्रीकही इथे येऊन गेले आहेत. पांडवलेण्यातली सतरा क्रमांकाची लेणी इंद्राग्निदत्त नावाच्या माणसाने खोदवली. धर्मदेवाचा मुलगा, उत्तरेकडच्या दात्तामित्रीचा राहणारा, आणि जातीने योनक, म्हणजे यवन, असे तिथल्या ब्राह्मी लेखात कोरले आहे. नावावरून तो पुरता इथला झालेला दिसतो आणि दान बौद्ध संघाला आहे. त्याला होमरची एक ओळ तरी येत होती का, यावर पैज लावू नये. पण त्याच सुमाराच्या डिओ क्रिसोस्टम या ग्रीक वक्त्याने एक भन्नाट विधान करून ठेवले आहे: हिंदुस्थानातले लोक होमर आपल्या भाषेत करून गातात. बहुतेक अभ्यासकांना वाटते की कुणा प्रवाशाने महाभारत गाताना ऐकले, भाऊबंदकी आणि मोठे युद्ध एवढे कळले, आणि त्याने तो आपलाच इलियड समजला. आकाराचा अंदाज मात्र त्याचा साफ चुकला. महाभारत परंपरेने लाख श्लोकांचे. इलियड आणि ओडिसी जोडून ते त्याच्या पासंगालाही पुरत नाहीत.

एक आकडा मात्र वैदिकांच्या सगळ्या गुणाकारांना झोपवतो. पतंजलीने महाभाष्यात वेदांच्या शाखा मोजल्या आहेत: ऋग्वेदाच्या २१, यजुर्वेदाच्या १०१, सामवेदाच्या १,०००, अथर्ववेदाच्या ९. बेरीज १,१३१. सामवेदाचे हजार म्हणजे ‘पुष्कळ’ असेच समजून सोडून दिले, तरी १३१ उरतात. आज मुखपाठाने चालू असलेल्या शाखा दहा-बारा. जटा, घन, दंड यांनी एक मात्राही हलू दिली नाही, आणि शाखांच्या शाखा गेल्या. अक्षरावर पहारा होता, शिकणाऱ्या पोरावर नव्हता. गुरूकडे संथा घ्यायला कुणी आलेच नाही की तेराने गुणलेले शून्य शून्यच राहते. शिवाय कोणी यावे, हे आधीच ठरलेले होते: बायकांना मज्जाव, बहुसंख्य जातींना मज्जाव. एवढे मोठे धरण बांधून पाणी घ्यायला मूठभर लोकांना परवानगी, तर तिथे ओघ आटणे नवलाचे नव्हते. २००३मध्ये युनेस्कोने वेदपठणाला मानवी वारशाचा दर्जा दिला, त्यामागे हीच काळजी होती.

मज्जाव झालेल्या निम्म्या माणसांनी आपले स्मरण दुसरीकडे चालवले. पहाटे, जात्यावर. हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हँ यांनी पुण्याला राहून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या, तेव्हा संग्रह एक लाखावर गेला. हजाराहून अधिक गावे, तीन हजारांहून अधिक गाणाऱ्या. ओवी दोन ओळींची धरली तरी दोन लाख ओळी: इलियड आणि ओडिसी मिळून जेवढे, त्याच्या सातपट. सरासरी काढली तर एकेका बाईच्या नावावर तीसेक ओव्या येतात. थक्क व्हावे असे त्या तिसांत काही नाही. इथे एकाही डोक्यावर भार नाही. पाठशाळा नाही, परीक्षा नाही, चुकीला शिक्षा नाही. शेजारणीने शब्द बदलला तर ती दुसरी ओवी झाली. संपूर्ण संग्रह पाठ असलेली व्यक्ती कधी अस्तित्वातच नव्हती. तरीही पिठाची गिरणी गावात येईपर्यंत तो शाबूत होता, कारण दळण रोजचे होते. गिरणी आली आणि जे काम शाखांच्या बाबतीत शतकांनी केले ते इथे दोन-तीन पिढ्यांत झाले. आज त्या ओव्या ‘पारी’ या संकेतस्थळावर, ध्वनिमुद्रणासकट, ऐकायला मिळतात.

त्यांच्यात एक मोठा गठ्ठा बाबासाहेबांवरच्या ओव्यांचा आहे. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी गायलेल्या तर खास ऐकाव्यात. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराबाहेर सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा दाराच्या आतल्या परंपरेत नव्या नावाला जागा करता येणे शक्यच नव्हते. तिची सारी ताकद काही न बदलण्यात होती. जात्याला ती अडचण नव्हती. हयात असलेला माणूस, त्याचा कोट, त्याची मोटार, त्याचे पुस्तक, सगळे दोन ओळींच्या मापात बसले आणि पहाटेच्या दळणाला लागले. वेदाची पदे १,५३,८२६ आहेत आणि तेवढीच राहतील. ओव्यांचा आकडा मात्र जिने मोजला, तिच्या समोर बसलेल्या बाईने त्याच क्षणी एक नवी जोडून चुकवला असणार.